मीठ सध्या चौलला आहे

माझ्या बायकोच्या मोठ्या मामांनी आजवर कुठलीही गोष्ट आधी चाखून मगच पाहिलेली आहे. हॉटेलात गेलं की ते मेनूकार्डाकडे ढुंकून बघत नाहीत. टेबलावरची मिठाची बाटली तळहातावर उपडी करतात, चिमूटभर मीठ जिभेवर ठेवतात, डोळे मिटतात आणि त्या हॉटेलाची लायकी तिथल्या तिथे ठरवून टाकतात. लग्नाच्या पंगतीत पानाच्या डाव्या कोपऱ्यात मीठ पडलं रे पडलं की मामांचं बोट तिथे पोचलेलंच असतं, आणि वाढपी पुढच्या पानावर सरकायच्या आत यजमानांचा निकाल लागलेला असतो. आमच्या विहिरीचं पाणी, नव्या भिंतीचा गिलावा, माझ्या मेव्हण्याने दिल्लीहून आणलेला कसलासा शाम्पू, सगळं त्यांनी जिभेला लावून पाहिलं आहे. एकदा माझ्या स्कूटरच्या पत्र्यावरून त्यांनी बोट फिरवलं, चाखलं आणि म्हणाले, "खारी हवा बसलीय हिच्यावर. दोन वर्सांत पत्रा जाईल." तो दीड वर्षातच गेला, आणि मामांना त्या सहा महिन्यांची चूक अजून खटकते.

याचं कारण असं की मामांचं सगळं घराणं मिठातलं. पेणहून उरणकडे जाताना खाडीच्या बाजूला त्यांचं गाव लागतं. मामांच्या पणजोबांनी आणि त्यांच्यासारख्याच चार-पाच कफल्लक माणसांनी तिथल्या चिखलात पहिला बांध घातला, भरतीचं पाणी आत कोंडलं आणि उन्हाच्या भरवशावर मीठ पिकवायला सुरुवात केली. मग बघता बघता गाव उभं राहिलं. पुढे तीन पिढ्या त्या आगरावर जेवल्या. त्यामुळे मामांच्या डोक्यातलं घड्याळही भरती-ओहोटीवर चालतं. भेटायची वेळ ते कधीही तासात सांगत नाहीत. "भरती लागली का या," एवढंच. मी जन्माने अलिबागचा खरा, पण माझा आणि समुद्राचा संबंध किनाऱ्यावरच्या भेळेपुरता. त्यांच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही या हिशेबात चुकलो आणि चार तास आधी पोचलो. तेव्हा मंडपवाला टेम्पोतून बांबू उतरवत होता. मामांनी आम्हाला बघून जराही आश्चर्य दाखवलं नाही. माझ्या हातात बांबूचं एक टोक दिलं आणि म्हणाले, "बरा जाला, मानूस कमी परत होता."

ती मुलगी लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली आणि तिने एका वर्षी आईवडिलांना तिकडे बोलावलं. समुद्र, पूल, उंच इमारती असं सगळं दाखवून झालं. मामांनी तिथल्या समुद्राचं पाणीही चाखलं आणि "आपल्यापेक्षा कमी हाय" असा अभिप्राय दिला. मग जावयाने त्यांना गाडीत घालून एका आडगावात नेलं. या गावात कधी काळी सोनं सापडलं होतं, आणि ते ऐकून कुठून कुठून माणसं फावडी घेऊन धावत आली होती. सोनं संपलं, माणसं पांगली. उरलेल्या लोकांनी त्या पहिल्या माणसांच्या वस्तू गोळा करून संग्रहालय केलं. आत गेल्या गेल्या मामांना दिसला तो मातीत फावडं मारणारा एक प्लास्टरचा माणूस. त्याने फावडं चुकीचं धरलं होतं. खालचा हात दांड्याच्या फारच वर होता. असं धरून दिवसभर खणलं तर संध्याकाळी कंबर राहत नाही. मामा दोरी ओलांडून आत गेले आणि त्यांनी त्या माणसाचा हात खाली घ्यायचा प्रयत्न केला. मनगट त्यांच्या हातात आलं. तिथली देखरेख करणारी म्हातारी बाई धावत आली तेव्हा मामा एका हातात ते मनगट धरून दुसऱ्या हाताने तिला फावडं कसं धरायचं ते दाखवत होते. जावई घामाघूम झाला. बाई मात्र मोठ्या मनाची असावी, कारण तिने कोपऱ्यातलं एक खरं फावडं आणून मामांच्या हातात दिलं आणि त्यांचा फोटो काढून घेतला. मामा म्हणतात की तो फोटो तिकडे भिंतीवर लावलाय. मामी म्हणतात, पोलिसांत द्यायला काढला असेल.

पण मामांच्या मनात घर केलं ते शेवटच्या दालनाने. तिथे काचेच्या पेटीत, मखमलीवर, तुरीच्या डाळीएवढा सोन्याचा एक खडा होता. वरून दिवा सोडलेला. येणारा प्रत्येक माणूस तिथे वाकायचा आणि गप्प व्हायचा. मामाही वाकले. मग त्यांनी मुलीला विचारलं की हा खडा जरा हातात देतात का. मुलीने त्याचं भाषांतर केलं नाही. ती वडिलांना ओळखून आहे.

गावी परतल्यावर मामींनी चॉकलेटं वाटायच्या आत मामा लोकांच्या माळ्यांवर चढले होते. "त्यांच्याकडं काय हाय सांगा जावयबापू," ते मला फोनवर म्हणाले, "फावरं, चालन आन् कंदील. आपल्या गावच्या माल्यांवर त्याच्या तिप्पट परलंय." आगर तर दहाएक वर्षांपूर्वीच गेला होता. बहुतेकांनी जमिनी दिल्या, भराव पडला, आणि जिथे मिठाच्या राशी लागायच्या तिथे आता रंगीबेरंगी कंटेनरांच्या राशी आहेत. गावातली निम्मी पोरं ट्रेलर चालवतात. उरलं होतं ते बांधाच्या कडेचं मिठाचं जुनं कोठार. मामांनी त्याच्यावर नवे पत्रे घातले, आत चुना मारला, आणि दारावर पाटी लावली: 'मिठागरकरांचं संग्रहालय. चपला बाहेर.'

मी आणि आमची ही पहिल्यांदा गेलो तेव्हा मामांनी आम्हाला पाहुणे म्हणून न घेता प्रेक्षक म्हणून घेतलं. दारातच पाय धुवायला लावले. आत मीठ ओढायची लाकडी दाताळी होती, फावडी होती, पाट्या, डोक्यावरच्या चुंबळी, गोणी शिवायचे दाभण, भरतीचं पाणी आत घ्यायच्या दाराच्या फळ्या, सगळं भिंतीला टांगलेलं. प्रत्येक वस्तूखाली जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर मामांच्या अक्षरातली चिठ्ठी. 'हे दाताळं धर्माचं. तो डावरा होता.' 'ही चुंबळ माझ्या आईची. अजून वास येतो.' 'ही पाटी कोणाची ते माहीत नाही. ओळखल्यास सांगावे, नेऊ नये.' एका खिळ्यावर काहीच नव्हतं, नुसती चिठ्ठी: 'फावडं सध्या बांधावर आहे. संध्याकाळी येईल.' मी चौकशी केली तेव्हा कळलं की गावकऱ्यांनी वस्तू दिल्या त्या मामांच्या शब्दाखातर, पण देऊन टाकल्या असं काही त्यांनी मनात धरलेलं नाही. गटार तुंबलं की माणूस येतो, आपलं फावडं ओळखतो आणि घेऊन जातो. मसाला कुटायच्या दिवसांत मामांचं उखळ-मुसळांचं दालन ओस पडतं. आम्ही उभे असतानाच एक बाई आली, भिंतीवरचं सूप काढलं, मामांना म्हणाली, "पाखरून देते परत," आणि गेली. मामांनी खिशातून चिठ्ठी काढून खिळ्याला लावली. अशा चिठ्ठ्या त्यांच्याकडे लिहून तयार असतात.

सगळ्यात शेवटी त्यांनी आम्हाला एका कोनाड्यापाशी नेलं. कोनाड्याला काच होती, कुलूप होतं, वरून छोटा दिवा सोडलेला होता. आत काहीच नव्हतं. चिठ्ठीसुद्धा नव्हती. मी म्हटलं, "मामा, हेही बांधावर गेलंय का?" मामा हसले नाहीत. म्हणाले, "हितं मीठ पायजे. त्यांनी सोन्याच्या गावात सोनं ठेवलंय. मी मिठाच्या गावात काय ठेवू?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की हा सगळा खटाटोप कुठे अडला आहे. त्या गावात आगरातलं मीठ चिमूटभरही शिल्लक नव्हतं. तीन पिढ्या ज्यांच्या दारात मिठाचे डोंगर होते त्यांनी मीठ कशाला जपून ठेवायचं? आगर बंद झाला त्या वर्षी घराघरांत जे होतं ते लोकांनी खाल्लं, मासळीला लावलं, शेजारी दिलं, आणि संपल्यावर दुकानातून पिशवी आणली. मामांच्या घरातही तेच झालं. कुणाच्याही मनात आलं नाही, मामांच्याही नाही. इतर कशाबद्दलही चूक पटकन कबूल न करणारा हा माणूस याबद्दल मात्र स्वतःला सरळ दोष देत होता. "अवजारं राखली," ते म्हणाले, "आन् जेच्यासाठी राखली त्येच खाऊन बसलो."

पुढचं वर्षभर मामा मिठाच्या शोधात होते. लोकांनी काय काय आणून दिलं. कोणी जुन्या गोणीच्या शिवणीतून झाडून आणलं, मामांनी चाखलं आणि म्हणाले, "ही गोन हाय." कोणी कोठाराच्याच भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार खरवडून आणला. "ही भित हाय." एकाने गुळगुळीत बारीक मीठ आणलं, त्याला तर त्यांनी चाखायचाही मान दिला नाही. शेवटी मला त्यांची दया आली आणि मी एक गाढवपणा केला. अलिबागच्या बाजारातून जाड्या मिठाचे खडे घेतले, फडक्यात बांधले आणि तुमच्याच आगराचे, किहीमच्या एका म्हाताऱ्या बाईने जपून ठेवलेले, असं सांगून मामांपुढे ठेवले. मामांनी एक खडा जिभेवर ठेवला. बराच वेळ डोळे मिटून बसले. मग तो खडा हळूच काढून हातात घेतला आणि फडकं माझ्याकडे परत सरकवलं. "जावयबापू, ह्यं लांबनं गारीनं आयलंय," एवढंच म्हणाले, आणि मामींना चहा टाकायला सांगितलं.

शेवटी मीठ आठवलं ते आमच्या हिला. मामांची मोठी बहीण चौलला दिलेली. तिला सगळे मोठी बाय म्हणतात. ऐंशी कधीच ओलांडली, पाठीत वाकली आहे, पण वाडीतल्या नारळांची संख्या तिला पाठ असते. त्यांच्याकडे रीत अशी होती की मोसमातलं पहिलं मीठ पडलं की ते घरात उतरायचं नाही, आधी सासरी गेलेल्या लेकींकडे जायचं. मामा वयाच्या बाराव्या वर्षापासून दर साली मोठ्या बायला माहेरचं मीठ पोचवत आले होते, आगराच्या शेवटच्या सालापर्यंत. आणि मोठी बाय त्याच मिठात लिंबं घालून बरणी मुरवायची. कुणाचं पोट बिघडलं, तोंड कडू झालं की त्यातली एक फोड. हिने लहानपणी ती खाल्ली होती. "बायकडं ती काळी लिंबं अजून असतील," ही म्हणाली. मामा भिंतीला टेकून बसले होते ते उठून उभे राहिले. स्वतः पोचवलेलं मीठ ते विसरले होते.

आम्ही दुसऱ्याच दिवशी चौलला गेलो. बरणी होती. तळाशी चार बोटं मिठाचा थर आणि त्यावर सुपारीसारखी काळी पडलेली सात लिंबं. मामांनी बरणी उघडून नुसता वास घेतला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी मोठ्या बायला संग्रहालय, काच, दिवा, सगळं समजावून सांगितलं. बायने ऐकून घेतलं. "लिंबू खावाला असतं," ती म्हणाली. "दिवा लावून बगाला काय त्याचं लगीन हाय?" मामा म्हणाले की गावातल्या पोरांना कळायला पाहिजे. तेव्हा ती म्हणाली, "आता आठवन जाली मिठाची. सह्या केल्यास तवा कुटं गेली व्हती?" आगराच्या कागदावर त्यांचीही सही होती. परतीच्या वाटेवर अलिबागच्या पुढे ते फक्त एकदाच बोलले, तेही "जरा काच खाली करा" एवढंच.

मग भाऊबीज आली. दरवर्षीप्रमाणे मामा चौलला गेले, मीही गाडी घेऊन बरोबर होतो. बायने ओवाळलं, मामांनी ताटात लुगडं ठेवलं. ती आत गेली आणि बरणी घेऊन आली. सात लिंबं होती ती आता पाच झाली होती, कारण मधल्या काळात गल्लीत दोन पोटं बिघडली होती. "दरवर्सी तू आनलंस," ती म्हणाली. "येकदा माज्याकडनं घेऊन जा." अलिबाग, पोयनाड, वडखळ करत मामांनी ती बरणी सगळी वाट मांडीवर धरली. खड्डा आला की माझ्याकडे असे बघत जणू तो मीच खणला होता. गावी पोचल्यावर बरणीचं तोंड मेणाने बंद केलं, ती कोनाड्यात ठेवली, दिवा लावला आणि चिठ्ठी लिहिली: 'आपल्या आगराचं मीठ. चाखू नये.'

तो हिवाळा मामांच्या आयुष्यातला सर्वात सुखाचा होता असं मला वाटतं. शाळा यायच्या, ट्रेलरवाली पोरं येऊन फोटो काढायची. आगरात काम केलेल्या म्हाताऱ्या बाया येऊन काचेपुढे उभ्या राहायच्या आणि गप्प व्हायच्या. मामा त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचे. त्या दिवसांत ते हॉटेलातल्या मिठालाही थोडे मार्क जास्त देत होते.

होळी झाली आणि चौलहून मोठ्या बायच्या सुनेचा फोन आला. तापाचं निमित्त झालं होतं. ताप उतरला, पण बायने अन्न सोडलं होतं. तोंडाला चवच नाही म्हणते, डॉक्टर सलाईन लावून गेलेत, भाऊ येऊन भेटून गेला तर बरं. बायने काहीही मागितलं नव्हतं. मामांनी मला बोलावलं तेव्हा, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, ते घड्याळाने बोलले. "दहाला निघू," म्हणाले. मी गेलो तर ते कोठाराच्या दारात उभे होते आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेली बरणी होती.

चौलला पोचल्यावर त्यांनी पाय धुतले, तडक स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला तांदळाची पेज टाकायला सांगितली. विळीने मेण काढलं. एक लिंबू वाटीत घेऊन बोटांनी कुस्करलं, त्यात तळाचा मिठाचा खडा फोडला, पेजेत कालवलं. त्यांच्या बोटांना तो काळा गर लागला होता. मी बघत होतो. मामांनी बोटं एकेक करून वाटीच्या काठाला पुसली, सगळं आत गेलं याची खात्री केली आणि वाटी घेऊन बाहेर आले. बायने पहिला चमचा नाइलाजाने घेतला. मग डोळे उघडले.

"ह्यं आपल्या आगराचं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मेल्या, कपाट फोरलास?"

"फोरला नाय. चावी हाय माज्याकडं," मामा म्हणाले. "खा."

तिने सगळी वाटी संपवली. मामा तिथेच राहिले. पाच लिंबं आणि तळाचं मीठ पुरवून पुरवून बारा दिवस गेलं. तेराव्या दिवशी मोठी बाय ओटीवर येऊन बसली आणि वाडीतले तीन नारळ कमी आहेत म्हणून सुनेशी भांडली. सुनेने बरणी साबणाने स्वच्छ घासली, उन्हात वाळवली आणि मामांच्या हातात दिली. एक कणही तिच्यात राहिला नव्हता.

मी मागे गेलो होतो तेव्हा ती बरणी कोनाड्यात होती. धुतलेली, रिकामी, वर दिवा चालू. मी जरा चाचरत म्हटलं, "मामा, जाडं मीठ भरून ठेवलंत तर कुणाला कळणार आहे?" मामा म्हणाले, "मना कलंल." मग त्यांनी मला नवी चिठ्ठी दाखवली. इतर वस्तूंना असते तशीच, त्याच अक्षरात: 'मीठ सध्या चौलला आहे.' नेलेलं फावडं संध्याकाळी येतं हे मला ठाऊक आहे. मिठाचं तसं नाही, हे मामांनाही ठाऊक आहे. तरी ते चिठ्ठी बदलत नाहीत. आणि कोणी शहरातून आलेला माणूस विचारतो की मग बघायचं काय, तेव्हा मामा अगदी गंभीरपणे त्याला चौलला पाठवतात. "माज्या बहिनीनं खाल्लं. तिच्या अंगात हाय त्ये. जाऊन बगून या." पनवेलचं एक कुटुंब खरंच गेलं होतं. बायने त्यांना चहा पाजला आणि त्यांच्या मुली फार बारीक आहेत म्हणून दोन शब्द सुनावले.

तिचं वय झालंय. एक दिवस मामांना हा पत्ता कुणाला सांगता येणार नाही, हे मला कळतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. हल्ली मामा पत्ता पूर्वीपेक्षा खूप सावकाश सांगतात. रेवदंड्याच्या रस्त्याला लागा, देऊळ गेलं का उजवीकडं, मग नारलाची वारी, हिरवं फाटक, फाटकाला कडी नाय, ढकला, ओटीवर बसलेली असंल. असं सगळं सांगून होतं, आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून सांगतात.